इथं कोणाला ऐकू येतं?

दिवाळी उलटली की आमच्या धुळ्याच्या रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. कापसाच्या गाड्या काठोकाठ भरून जातात, जाताना काट्यांना घासतात आणि काट्याकाट्यावर एकेक पुंजका मागं राहतो. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रॅक्टर आहेत. बाभळींना त्याचं काही नाही. सकाळी फिरायला गेलो की मी त्यातला एखादा पुंजका काढून बोटांत चोळतो. आतली सरकी हाताला लागते, आणि मग त्या दिवशी माझ्या हातून दुसरं काही होत नाही. जळगावचा तो एक हंगाम उठून समोर बसतो.

परवा नात आली होती. ती नाशिकला एका कंपनीत आहे. ज्यांना दिसत नाही, चालता येत नाही, ऐकू येत नाही, अशा माणसांसाठी कंपनीत काय काय सोयी कराव्यात, याची यादी करायचं काम तिच्याकडे आलंय. माझ्या समोर बसून, तोंड माझ्याकडे करून, तिनं सावकाश विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी काय सोय होती?"

मी म्हणालो, "मला एक खोली दिली होती."

"स्वतंत्र खोली? त्या काळात?" तिला फार कौतुक वाटलं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि पुढं बरोबरची खूण केली. ती गेल्यावर मात्र ती खूण मला टोचत राहिली.

त्या वर्षी आषाढात मला भडगावला विषमज्वर झाला. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक झालो होतो, जळगावच्या एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीत कारकुनाची जागा ठरली होती, दिवाळीपूर्वी रुजू व्हायचं होतं. एकवीस दिवसांनी ताप उतरला. डोळे उघडले तेव्हा आई अंगणात पितळी पातेलं घासत होती. तिचा हात गोल गोल फिरत होता, राख उडत होती, आणि आवाज येत नव्हता. मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे. दोन दिवसांनी तोल सावरत गिरणेच्या काठावर गेलो. नदी दुथडी भरून चालली होती आणि तीही मुकी होती.

डावा कान पूर्ण गेला होता. उजव्यात थोडं उरलं होतं. कोणी जवळ येऊन ठणठणीत बोललं तर समजायचं, नाहीतर नुसता घोगरा वारा. आईनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून सांगितलं, "कोणाला कळू देऊ नको. नोकरी जाईल."

मी कळू दिलं नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला दिवसभर किती नाटक करावं लागतं, हे ज्याचं त्यालाच माहीत. चार माणसं हसली की हसायचं. फक्त ते हसू अर्धा क्षण उशिरा येतं, म्हणून आधीच ओठ थोडे उघडे ठेवायचे. कोणी गंभीर दिसलं की भुवया आवळायच्या. प्रश्न विचारला असेल असं वाटलं तर मान हलवायची. होय आणि नाही यांच्या मध्ये कुठंतरी पडेल, अशी एक मान मी बसवली होती. संध्याकाळी खोलीवर आलो की कानांपेक्षा चेहरा दुखायचा.

कंपनीच्या आवारात दोन इमारती होत्या. एका टोकाला ऑफिस, मध्ये कापसाच्या गाड्या उभ्या राहायचं मैदान आणि पलीकडे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे जिनांचा, लांबच लांब पत्र्याचा हॉल. भोंगा झाला, इंजिन सुरू झालं की त्याची थरथर जमिनीतून यायची आणि ऑफिसच्या फरशीतून माझ्या तळव्यांना लागायची. मला ती आवडायची. दिवसभरात न चुकता माझ्यापर्यंत पोचणारी तेवढी एकच गोष्ट होती.

ऑफिसात आम्ही चौघं. हेडक्लार्कना सगळे आबा म्हणायचे. त्यांच्या मिशा ओठांवर उतरलेल्या आणि तोंडात कायम पान, त्यामुळे त्यांचं बोलणं मला कधीच लागलं नाही. एक वयस्क बाबू होते, ते कोणाशीच फारसं बोलायचे नाहीत. आणि शेजारच्या टेबलावर चौधरी. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, रोज असोद्याहून सायकलनं यायचा. केळीच्या बागेत, या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय असलेला मोकळा, उंच आवाज. त्याचं बोलणं मला जवळजवळ सगळं समजायचं. तेवढ्यावरून तो माझा मित्र आहे, असं मी धरून चाललो होतो.

चार वाजता चहा यायचा. एक दिवस चहाच्या वेळी चौधरी खिडकीपाशी माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि आबांना काहीतरी सांगत होता. मला फक्त आबांचा चेहरा दिसत होता. त्यांच्या मिशा हलल्या, गाल ताणले गेले, डोळे बारीक झाले. मला वाटलं, विनोद झाला. मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो असणार, कारण सगळे एकदम माझ्याकडे वळले.

चौधरीही वळला. त्याच्या हातात कप होता. त्यानं तो टेबलावर ठेवला, बशी उचलून कपावर पालथी घातली आणि बाहेर निघून गेला. काहीतरी भयंकर झालंय एवढं मला कळलं. काय, ते विचारायचं तर आधी ऐकू आलं नाही हे कबूल करायला हवं होतं. मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी चौधरी आला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी आबा माझ्या टेबलाशी आले, वाकून हळू आवाजात काहीतरी बोलले आणि त्यांनी उसासा टाकला. मीही मान हलवली आणि उसासा टाकला. मग त्यांनी चौधरीच्या टेबलावरची फाइल माझ्या पुढ्यात ठेवली. तो रजेवर आहे, त्याचं काम मला करायचंय, एवढा अर्थ मी लावला.

ते काम रेल्वेचं होतं. दाबून बांधलेल्या रुईच्या गाठी किती, कुठं जायच्या, हे कळलं की स्टेशनात मालडब्यासाठी पत्र द्यायचं. आबांनी लांबूनच आकडा सांगितला. साठ. मी ऐकलं आठ. आठ गाठींना काही पूर्ण डबा लागत नाही, म्हणून मी तसं पत्र लिहिलं. साठ गाठी मालधक्क्यावर जाऊन पडल्या आणि डबा आलाच नाही.

मॅनेजरसाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान ऐकू आलं असतं. ते शांतपणे माझ्या मागून चालत गेले. समोर बसलेले आबा एकदम दचकले आणि त्यांची नजर माझ्या पाठीमागच्या फरशीकडे गेली. मी वळून पाहिलं. तिथं किल्ल्यांचा मोठा जुडगा पडलेला होता. साहेब माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया होती. सबंध ऑफिससमोर, त्या दोन-चार क्षणांत, माझं चार महिन्यांचं नाटक संपलं.

त्यांनी मला आत बोलावलं आणि कानाशी येऊन मोठ्यानं सांगितलं, "वसंतराव, तुम्हाला काढत नाही. तुमचा दोष नाही हा. रुईच्या गोदामाला लागून एक खोली आहे, तिथं बसा. गाठींचे नंबर आणि मार्क लिहायचे. तिथं तुम्हाला कोणी त्रास देणार नाही."

मी त्यांचे आभार मानले. अगदी मनापासून मानले.

तीच ती खोली. नातीनं जिच्यापुढं खूण केली ती.

खोलीला उंचावर एक जाळीची खिडकी होती. जाळीत रुईचे तंतू अडकून त्यांचा पडदा झाला होता, त्यामुळे दुपारीसुद्धा उजेड दुधासारखा यायचा. एक टेबल, एक खुर्ची, एक माठ. शिपाई दिवसातून दोनदा चिठ्ठी आणून ठेवायचा. "रजिस्टर पाठवावे." "उद्यापासून मार्क बदलला." चिठ्ठीत कधी चूक नसायची आणि एक शब्द जास्त नसायचा. चहा दाराशी ठेवून तो निघून जायचा. कोणी मला त्रास दिला नाही. साहेबांनी दिलेला शब्द सगळ्यांनी इतका काटेकोर पाळला की कधीकधी तीन-तीन दिवस माझ्याशी कोणी एक अक्षरही बोलत नसे.

ऑफिसात निदान नाटक होतं. नाटकाला बघणारं कोणीतरी लागतं. इथं मी ओठ उघडे ठेवून हसायला तयार बसलो असतो, तर ते भिंतीकडे पाहून. एकदा गाठींचे नंबर मी मोठ्यानं वाचायला लागलो, गळ्यावर हात ठेवून. आवाज अजून आहे की तोही गेला, ते पाहायला. गळ्याचा कंप हाताला लागला. आहे म्हणायचा.

पौषात ऑफिसच्या लोकांची भरिताची पार्टी झाली. असोद्याच्या वाटेवर कोणाचं तरी शेत होतं. कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, पऱ्हाटीच्या, काड्यांवर वांगी भाजली, केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आबांनी मलाही चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं. चौधरी मात्र आला नव्हता. रजा संपवून तो कामावर आला होता हे मी लांबून पाहिलं होतं, पण माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. मी येणार म्हणून आला नाही, असं मला वाटलं. जेवण होईपर्यंत ठीक चाललं. मग सूर्य बुडाला. ओठ दिसेनासे झाले की माझं उरलंसुरलं जगही मिटायचं. शेकोटीभोवती माणसं काळ्या आकृत्या होऊन डोलत होती, अधूनमधून एखादा दात चमकत होता. माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती. त्या संध्याकाळी मी जेवढा एकटा होतो, तेवढा खोलीतही कधी नव्हतो.

संक्रांतीच्या सुमारास एक चिठ्ठी आली. रोज किती जिनं चालू आहेत, किती बंद, तो आकडा हॉलमध्ये जाऊन करीम मिस्त्रींकडून आणायचा.

मी पहिल्यांदा हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि दारातच थांबलो. आत पांढरं धुकं होतं. रुईचे कण हवेत तरंगत होते, माणसांच्या भुवयांवर, खांद्यांवर, पट्ट्यांवर बसत होते. लांबवर दोन रांगांत जिनं, डोक्यावर फिरणारा लांब दांडा, त्यावरून खाली आलेले चामड्याचे पट्टे. प्रत्येक जिनापाशी एकेक बाई, तोंडाला पदर बांधून, कापूस पुढं लोटणारी. आणि गलका. तो मला ऐकू आला असं नाही म्हणता येणार, तो छातीत वाजत होता, दाढांत वाजत होता.

करीम मिस्त्री मेहरूणचे. साठी जवळ आलेली, तेलानं काळे झालेले हात. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "आज किती जिनं बंद?" त्यांनी मला हातानं मागं सारलं आणि दोन बोटं दाखवली. दोन बंद. मग दूरच्या एका जिनाकडे बोट केलं, एका हाताच्या तळव्यावर दुसऱ्याची कड आपटली. पट्टा तुटला. मला समजलं. एका फटक्यात, एकदाही "काय?" न म्हणता, समजलं.

बाहेर आल्यावर ते माझ्या समोर उभे राहून म्हणाले, "बाबू, इधर कान का क्या काम? आँख खुली रखो." त्यांना स्वतःलाही फारसं ऐकू येत नव्हतं, हे मला नंतर कळलं. तीस वर्षं त्या गलक्यात काढलेली. पण त्यांना कोणी बहिरा म्हणत नसे, मिस्त्री म्हणत. माझ्यात जी खोट होती, ती त्यांच्यात मुरलेपण धरली जायची.

मी रोज जायला लागलो. आकडा घ्यायला पाच मिनिटं लागायची, मी अर्धा तास रेंगाळायचो. त्या हॉलमध्ये कोणीच कोणाला ऐकत नव्हतं आणि सगळे अखंड बोलत होते. हातांनी, भुवयांनी, मानेनं. डोक्यावर टोपी सारखी केली की साहेब येताहेत. पोटावर थाप मारली की जेवायची सुट्टी जवळ आली. अंगठा ओठाला लावला की पाणी. हॉलच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूचं भांडण सविस्तर सांगायची, सासूच्या चालण्यासकट. एकदा असाच एक सासूचा प्रवेश चालू होता आणि मी खळखळून हसलो. हसून झाल्यावर लक्षात आलं, सगळ्या जणीही त्याच वेळी हसत होत्या. ताप उतरल्यापासून पहिल्यांदा मी वेळेवर हसलो होतो.

दाराजवळच्या जिनावर गोदाक्का असायची. धुळ्याकडच्या खेड्यातली, हंगामापुरती मुलांसह जळगावला आलेली. पन्नाशीची, उंच, कपाळावर गोंदलेलं. तिनंच मला खुणा शिकवल्या. सगळ्यांना तिनं नावंही देऊन ठेवली होती. चौधरीचा चष्मा होता म्हणून त्याचं नाव डोळ्याभोवती काढलेलं वर्तुळ. माझं नाव कानामागं खोचलेली लेखणी.

एक दिवस काय झालं कोण जाणे, मी तिच्या जिनापाशी उभा होतो आणि आतून काहीतरी वर आलं. ज्या वाक्याला मी इतके महिने घाबरत होतो ते वाक्य, इथं कोणाला ऐकू जाणार नाही म्हणून, मी सगळा जोर लावून ओरडलो.

"मला ऐकू येत नाही!"

कोणीही वळून पाहिलं नाही. जिनं चालत राहिली. फक्त गोदाक्कानं माझ्या ओठांकडे पाहिलं, तोंडावरचा पदर खाली केला आणि अगदी सहज म्हणाली. आवाज नव्हता, ओठ होते.

"माले बी नही. आठे कोनले ऐकू येस, भाऊ?"

मलाही नाही. इथं कोणाला ऐकू येतं?

मग जेवायच्या सुट्टीत, बाहेर लिंबाखाली, ती माझ्या समोर बसली. "तू बहिरा शे, हाई माले पहिलाच रोज समजनं," ती म्हणाली. "तू बोलनारना तोंडकडे देखस. बठ्ठा दुसरीकडे देखतस." तू बहिरा आहेस हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं: बोलणाऱ्याच्या तोंडाकडे फक्त तूच बघतोस, बाकीचे सगळे दुसरीकडे बघतात. आणि तिनं आपल्या भाकरीचा चतकोर मोडून माझ्या हातावर ठेवला.

माघ संपत आला होता तेव्हाची गोष्ट. मी हॉलमध्ये होतो. पलीकडच्या दारातून चौधरी कसलासा कागद घेऊन आला, मिस्त्रींना देऊन परत गेला. तो वळताच असोद्याहून येणाऱ्या एका बाईचे हात हलले. डोळ्याभोवती वर्तुळ. मग कमरेएवढ्या उंचीवर आडवा तळवा. मग कपाळावर हात, ताप. मग दोन्ही तळवे जोडून गालाखाली, आणि लगेच ते उघडून वर फुंकर.

मी गोदाक्काकडे पाहिलं. हातांनी विचारलं, कोण? तिनं केसांची वेणी घातल्यासारखं केलं. मुलगी. कधी? तिनं बोटांनी पणत्या मांडल्या, एकापुढं एक, आणि मग हात जरासा पुढं नेला. दिवाळीनंतर, थोड्या दिवसांनी.

मी मागं मागं मोजत गेलो. पालथी घातलेली बशी आठवली. आबांचा उसासा आठवला. तो खिडकीपाशी उभा राहून, मुलीचा ताप उतरत नाही असं सांगत असणार, आणि मी हसलो होतो. आठवड्याच्या आत ती गेली. आबांनी मला येऊन सांगितलं आणि मी मान हलवली. सबंध हॉलला ठाऊक होतं, मैदानातल्या गाडीवानांना ठाऊक असेल. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मला तीन महिने पत्ता नव्हता.

त्या रविवारी मी असोद्याला पायी गेलो. चौधरीचं घर विचारत विचारत काढलं. अंगणात केळीचे घड रचलेले होते. त्याची बायको दारात आली, मला पाहून आत गेली. मग तो आला. मी उभ्या उभ्याच बोललो, कारण बसलो असतो तर बोलू शकलो नसतो.

"चौधरी, मला ऐकू येत नाही. डाव्या कानानं अजिबात नाही. त्या दिवशी तुमची पाठ होती. तुम्ही काय म्हणालात ते मला समजलं नव्हतं. आबा हसले असं वाटलं, म्हणून हसलो. मुलगी गेली हे मला परवा कळलं. परवा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आबांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असेल. मी मान हलवली असेल."

त्यानं खाट पुढं ओढली, मला बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. नंतर बोलायला लागला, पण तोंड भिंतीकडे करून. मला त्याचा अर्धा गाल दिसत होता, कानाची पाळी दिसत होती, मानेची शीर दिसत होती. त्याचा आवाज, तो उंच मोकळा आवाज, कुठंतरी खाली गेला होता आणि माझ्यापर्यंत नुसता वारा येत होता. तो मुलीबद्दल बोलत होता. तिचं नाव त्यानं घेतलं असेल. काय झालं, कसं झालं, शेवटी ती काय म्हणाली, हे सगळं त्यानं सांगितलं असेल. इकडे वळून बोला, असं मी त्याला म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. काही गोष्टी माणसाला भिंतीकडे तोंड करूनच सांगता येतात. मी नुसता त्याच्या शेजारी बसून राहिलो. या खेपेला मान हलवली नाही.

सोमवारी सकाळी चौधरी माझ्या खोलीत आला. जाळीकडे, माठाकडे, टेबलाकडे पाहिलं. "चला," तो म्हणाला.

"कुठं?"

"टेबलाचं ते टोक धरा."

आम्ही दोघांनी ते टेबल मैदानातून, कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत ऑफिसात नेलं. दारात मॅनेजरसाहेब उभे. ते म्हणाले, "अहो, पण इथं त्यांना त्रास होईल."

"साहेब," मी म्हणालो, "मला थोडा त्रास होऊ द्या." पुढं काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, पण शब्द आले. "माझ्याशी पाठीमागून बोलू नका. आकडा बोटांनी दाखवा नाहीतर लिहून द्या. आणि मी पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा. एवढंच लागतं."

साहेबांनी आबांकडे पाहिलं. आबा उठले, खिडकीबाहेर पान थुंकून आले आणि माझ्या समोर उभे राहून, मिशा दोन बोटांनी वर धरून म्हणाले, "असं चालेल का?" सगळे हसले. मीही.

चौधरीनं आपलं टेबल फिरवून माझ्या तोंडासमोर आणलं. खिडकीचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडेल असं. सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. आबांना मिशांची आठवण तासाभरानं राहायची नाही. साहेब माझ्याशी बोलताना उगाच इतके ओरडायचे की त्यांच्या तोंडाचा आकार बिघडून उलट काहीच कळायचं नाही. चहाच्या वेळी गप्पा रंगल्या की मी पुन्हा काठावर पडायचो. पण चौधरी मधेच थांबायचा, माझ्याकडे वळायचा आणि दोन वाक्यांत सांगून पुन्हा गप्पांत जायचा. ती दोन वाक्यं मला पुरायची. साठ म्हणताना तो सहा बोटं दाखवून मूठ मिटायचा, आणि आम्ही दोघंही हसायचो नाही.

हे सगळं मी नातीला सांगायला हवं होतं. तिच्या यादीत कुठल्या रकान्यात बसलं असतं, कोण जाणे. साहेब वाईट नव्हते. खोली देताना त्यांना खरंच वाटलं होतं की ते माझं भलं करताहेत, आणि पगार त्या खोलीतही तेवढाच मिळत होता. पण मला माझ्यापुरतं जग नको होतं. मला चौधरीच्या मुलीचा ताप वेळेवर कळायला हवा होता.

चैत्र लागला. कापूस संपत आला, गाड्या तुरळक झाल्या. एका दुपारी ऑफिसात बसलो असताना पायाखालची थरथर थांबली. मी धावत हॉलकडे गेलो.

जिनं उभी होती. पट्टे सैल लोंबत होते. हवेतली रुई हळूहळू खाली बसत होती आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हॉलचं दुसरं टोक स्वच्छ दिसत होतं. बायकांनी तोंडावरचे पदर सोडले होते, केस झटकत होत्या, टोपल्या गोळा करत होत्या. आणि बोलत होत्या. भराभरा, एकमेकींकडे पाठ करून, खाली वाकून, हसत, हाका मारत. हात टोपल्यांत गुंतलेले. एकाही हातावर एकही शब्द नव्हता. गलका थांबला तशी सगळ्यांना ऐकू यायला लागलं होतं. मीच तेवढा जिथं होतो तिथं राहिलो होतो.

मी भिंतीला टेकून उभा होतो. गोदाक्का डोक्यावर बोचकं घेऊन दाराकडे निघाली. मला पाहिलं, चालता चालताच काहीतरी बोलली, हसली आणि पुढं गेली. बोचक्याची सावली तिच्या तोंडावर होती. मला एक अक्षर कळलं नाही.

"अक्का," मी म्हणालो, "मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

फार मोठ्यानं बोललो असणार. सगळ्या बायकांची तोंडं माझ्याकडे वळली. गोदाक्का दारातून परत आली. बोचकं खाली ठेवलं, माझ्या समोर उजेडात उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "पुढला साले मी येनार नही, भाऊ. मोठा पोऱ्या सुरतले जाई राहिना. माले बी लई जाई राहिना."

मुलगा सुरतेला चालला होता, तिला घेऊन.

मी नुसती मान हलवली असती, हसलो असतो, तर ती तशीच गेली असती, आणि येत्या दिवाळीला तिच्या जिनावर दुसरी बाई दिसल्यावर मी रोज दाराकडे बघत बसलो असतो.

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या कानशिलांवर मोडली. मग बोचकं उचलून, पुढं गेलेल्या बायकांना हाक मारत, ती त्यांच्या मागं झपझप निघाली. मैदान ओलांडून त्या फाटकाबाहेर पडल्या. मी तिच्या जिनाच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. तो अजून कोमट होता. करीम मिस्त्री हॉलची दारं एकेक करून लावत माझ्यापर्यंत आले, माझ्याकडे पाहिलं आणि शेवटचं दार उघडंच ठेवून निघून गेले.